मग तो दुसरा लावलास कशाला?

आठ गाण्यांच्या ऱ्हिदम गिटारी रेकॉर्ड करून झाल्या होत्या. प्रत्येक गाण्यात डावा-उजवा असे दोन टेक, प्रत्येक टेकला दोन माइक, म्हणजे बत्तीस ट्रॅक. आणि सगळीकडे तोच रोग: गिटार पत्र्याच्या नळीतून आल्यासारखी. डिस्टॉर्शन होतं, आवाज मोठा होता, पण त्याला अंगच नव्हतं.

तीन आठवडे मी इक्यूशी, म्हणजे आवाजातले उंच-खालचे पट्टे वेगवेगळे कमी-जास्त करायच्या नॉबांशी, कुस्ती खेळले. साडेतीन किलोहर्ट्झच्या आसपास थोडं वाढवलं की बाजूचं सगळं कर्कश व्हायचं, नाही वाढवलं की परत नळी. मग वाटलं माइकचा बारीक आवाज मोठा करणारा प्रीअँपच बेकार आहे. मग वाटलं गिटारच्या तारा जुन्या होत्या. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असा सगळा प्रकार.

आमच्याकडे बास वाजवतो माझा मावसभाऊ. त्याला माइकबिइकमधलं काही कळत नाही आणि कळून घ्यायची इच्छाही नाही. त्याची बास सरळ वायरने आत जाते आणि तो घरी जातो. त्या दिवशी एका गाण्यातला तुकडा परत वाजवायला आला होता. मी वैतागून एकेक ट्रॅक म्यूट करत, परत चालू करत बसले होते. मोबाइलमधून मान वर न काढता तो म्हणाला, "ताई, आत्ता काय केलंस? आत्ता बरी वाटली."

"काही नाही रे, एक माइक बंद केला."

"मग तो लावलास कशाला?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. म्हणजे होतं, पण सांगण्यासारखं नव्हतं. मोठ्या स्टुडिओंच्या फोटोंमध्ये गिटारच्या अँपसमोर, म्हणजे तिच्या स्पीकरच्या खोक्यासमोर, दोन-दोन, तीन-तीन माइक दिसतात. माझ्याकडे दोन होते, म्हणून दोन लावले.

तो गेल्यावर मी दोन्ही ट्रॅक एकाखाली एक घेतले आणि इतके झूम केले की एकेक सॅम्पल, म्हणजे आवाजाचं एकेक मोजमाप, ठिपक्यासारखा सुटा दिसायला लागला. पिक तारेवर पडल्याचा पहिला उंचवटा वरच्या ट्रॅकमध्ये जिथे होता, तिथून सात ठिपके उजवीकडे खालच्या ट्रॅकमधला. रेकॉर्डिंग ४८ किलोहर्ट्झवर, सेकंदाला ४८ हजार सॅम्पल घेऊन केलेलं, म्हणजे सात सॅम्पल म्हणजे ०.१५ मिलिसेकंदालाही किंचित कमी. हसण्यावारी न्यावा इतका फरक. पण हवेत आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, आणि त्या हिशेबाने सात सॅम्पल म्हणजे ५ सेंटिमीटर. मला लगेच आठवलं: दोन्ही स्टँडचे पाय एकमेकांत अडकत होते, म्हणून दुसरा माइक मी चार बोटं मागे घेतला होता. जेमतेम चार बोटं!

आता ५ सेंटिमीटर ही ज्या लहरीची अर्धी लांबी, ती लहर एका माइकपाशी वर असते तेव्हा दुसऱ्यापाशी खाली असते. दोघांची बेरीज केली की हाती शून्य, म्हणजे आवाजात तिथे खड्डा. ही लहर बसते ३,४३० हर्ट्झवर, म्हणजे गिटारचा चावा जिथे असतो, पिकची धार जिथे ऐकू येते, नेमकी तिथे. पुढचा खड्डा तिप्पट वर, १०,२९० ला, पण तिथे गिटारच्या स्पीकरमध्ये फारसं काही नसतंच, त्यामुळे त्याचं दुःख नाही. दोन्ही फेडर (आवाजाच्या सरकपट्ट्या) मी सारखे ठेवले होते, म्हणजे पहिला खड्डा जितका खोल पडू शकतो तितका पाडून ठेवलेला. आणि त्या खड्ड्यात तीन आठवडे इक्यूने माती लोटत होते. दोन माइकांनी आपापसात जे खाऊन संपवलंय, ते इक्यू कुठून आणणार?

त्यानंतर काही महिने मी एकच माइक वापरायचा असं ठरवलं. शुअर एसएम५७. तो १९६५ साली आला, नावातलं एसएम म्हणजे 'स्टुडिओ मायक्रोफोन'. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष ज्या माइकसमोर भाषणं देतात तो हाच. बोलण्यासाठी बरा असलेला हा माइक गिटारच्या अँपसमोर इतका का चालतो, हे मला बरीच वर्षं कोडं होतं. कारण साधं निघालं. गिटारचा बारा इंची स्पीकर पाच किलोहर्ट्झच्या आसपास मान टाकायला लागतो आणि त्याच्या वर आवाज झपाट्याने पडत जातो. आणि ५७ मध्ये पाच ते सहा किलोहर्ट्झच्या दरम्यान एक उंचवटा आहे. स्पीकर जिथे हात सोडतो तिथे माइक हात धरतो. खालच्या बाजूला ५७ फार खोल जात नाही, पण गिटारची सगळ्यात जाड तार मोकळी वाजवली तरी ती ८२ हर्ट्झची. त्याच्या खालचं राज्य बास आणि किक ड्रमचं, तिथे गिटारने घुसूच नये.

(वीस किलोहर्ट्झपर्यंत ऐकू शकणारा भारी कंडेन्सर माइक अँपला चिकटवून लावणाऱ्यांना मला विचारावंसं वाटतं: बाबांनो, वर काय ऐकताय? अँपची शिट्टी आणि सुंऽऽ?)

एका माइकच्या त्या महिन्यांत मी जे शिकले ते मला आधीच्या चार वर्षांत कळलं नव्हतं. सगळ्यात आधी, अँपच्या पुढच्या कापडातून स्पीकरचा मध्य दिसत नाही. आपण अंदाजाने माइक लावतो आणि अंदाज हमखास चुकतो. टॉर्च तिरका धरून कापडाला टेकवला की आतला कोन, म्हणजे स्पीकरचा शंकू, दिसतो, आणि मधोमध ती टोपीसारखी डस्ट कॅप. मी कापडावर पांढऱ्या चिकटपट्टीचे चार तुकडे लावले: कॅपचा मध्य, कॅपची कड, कोनाचा मध्य, कोनाची कड.

माझ्याकडे दुसरी खोली नाही. अँप आणि मी एकाच खोलीत, त्यामुळे हेडफोन लावूनही अँपचाच आवाज कानात शिरतो आणि माइक काय ऐकतोय ते कळत नाही. म्हणून मी एक युक्ती केली. तेच चार बारचं रिफ, म्हणजे गिटारचा छोटा तुकडा, परत परत वाजवणाऱ्या लूप पेडलवर टाकलं, रेकॉर्डिंग चालू ठेवलं, स्टीलची फूटपट्टी घेऊन अँपसमोर जमिनीवर बसले, आणि प्रत्येक वेळी माइक एक सेंटिमीटर सरकवून लूप थांबवायचा आणि माइकमध्ये मोठ्याने सांगायचं: "मध्यापासून तीन." परत लूप. "मध्यापासून चार." कानात बोळे घातलेले होते, कारण अँपच्या तोंडाशी सहज ११० डेसिबलच्या वर जातं आणि कान परत मिळत नाहीत. त्यामुळे त्या फायलींमधला माझा आवाज बहिऱ्या माणसासारखा भांडखोर आहे. फायली अजून जपून ठेवल्यात.

मग शांतपणे ऐकलं. कॅपच्या मध्यावर आवाज तारेने खरवडल्यासारखा. मध्यापासून चार सेंटिमीटरवर, जिथे माझ्या स्पीकरची कॅप संपून कोन सुरू होतो, तिथे खरवड गेली पण धार राहिली. आठवर गोलसर, जरा झोपाळू. दहाच्या पुढे गोधडी पांघरलेली. तोच माइक, तोच अँप, एकही नॉब हलवलेला नाही, आणि तीन आणि पाच सेंटिमीटरमधला फरक मी आजवर विकत घेतलेल्या कुठल्याही प्रीअँपपेक्षा मोठा. शिवाय माइक जाळीपासून मागे नेला की खालचं कमी होत जातं, कारण एका दिशेने ऐकणारे माइक जवळ नेले की खर्ज फुगवून दाखवतात. त्या रात्री मला माझ्या खरेदीची थोडी लाज वाटली.

कॅबिनेटमध्ये एकापेक्षा जास्त स्पीकर असतील तर आणखी एक मौज. एकाच कारखान्यातले, एकाच दिवशी बसवलेले दोन स्पीकरही सारखे नसतात. माझ्या दोन स्पीकरच्या कॅबमधला उजवा जरा चिडका आहे. वर्षभर मी सवयीने त्याच्यासमोरच माइक लावत होते.

आता दुसरा माइक. मावसभावाचा प्रश्न मी कागदावर लिहून अँपच्या वर चिकटवलाय, खरंच. पहिला माइक हलवून, तिरका करून, मागेपुढे करून झाल्यावरही काय कमी पडतंय हे मला शब्दांत सांगता आलं पाहिजे. "अजून भारी हवंय" हे उत्तर चालत नाही. "तारा ऐकू येतात पण लाकूड ऐकू येत नाही" हे उत्तर चालतं.

त्या उत्तरावर माझ्यासाठी तरी इलाज बहुतेक वेळा रिबन असतो. रिबन माइकमध्ये दोन चुंबकांच्या मध्ये ॲल्युमिनियमची एक पट्टी लोंबकळत असते, बस्स. रॉयर आर-१२१ मधली पट्टी अडीच मायक्रॉन जाडीची आहे. आपला केस साधारण सत्तर मायक्रॉनचा असतो, म्हणजे बघा. जुने रिबन इतके नाजूक असायचे की गिटारच्या अँपसमोर ठेवायची हिंमत होत नसे. १९९८ साली आलेला आर-१२१ हा अँपच्या तोंडाशी टिकतो म्हणून गाजला. रिबन वरच्या बाजूला हळूच उतरत जातो, त्यामुळे डिस्टॉर्शनमधली वाळू कमी होते आणि दोनशे ते आठशे हर्ट्झमध्ये, जिथे गिटारचं मांस असतं, तिथे तो भरघोस ऐकतो. ५७ जे ओरडून सांगतो ते रिबन बसून सांगतो. दोघं एकमेकांच्या आड येत नाहीत, म्हणून ही जोडी जगभर इतकी चालते.

रिबनचे नखरे मात्र सांभाळावे लागतात. तो पुढून जितकं ऐकतो तितकंच मागूनही ऐकतो, इंग्रजी आठच्या आकड्यासारखं. म्हणजे मागची भिंतही रेकॉर्ड होते. मागे मी जाड रजई टांगते. जवळ नेला तर खर्ज इतका फुगतो की मावसभावाची बास आणि माझी गिटार एकाच जागेसाठी भांडायला लागतात. वारा त्याला सोसत नाही. एकदा एक उसना आणलेला रिबन लावून ठेवला होता आणि आमचा ड्रमर 'चालू आहे का' बघायला फुंकर मारणार, इतक्यात मी त्याचं मनगट हवेत पकडलं. त्याला अजून वाटतं मी उगाच आरडाओरडा केला. आणि कंडेन्सरसाठी लागणारं ४८ व्होल्टचं फँटम, म्हणजे माइकच्या वायरीतूनच जाणारी वीज, चालू असताना साध्या रिबनची वायर काढघाल करू नये. वायर नीट असेल तर काही होत नाही, पण सदोष वायरीने पट्टी ताणली जाऊ शकते. गंमत म्हणजे आर-१२१ जवळून उलटा फिरवून लावला तर मागच्या बाजूने जरा उजळ ऐकतो. फक्त मग पोलॅरिटी उलटी होते, म्हणजे लहरीचं वरचं खाली जातं, तिथलं बटण दाबायला विसरायचं नाही.

बाकीचे थोडक्यात. सेनहायझर एमडी ४२१ हा १९६० चा माइक, ५७ पेक्षा खाली जास्त भरलेला, आणि त्याच्या शेपटीशी खर्ज कापायची पाच टप्प्यांची चकती असते. ५७ ला जोडीदार म्हणून उत्तम, पण त्याचा क्लिप ढिला असेल तर टेकच्या मध्यात माइक घसरून खाली बघायला लागतो. बायरडायनॅमिकचा एम १६० रिबन असूनही मागचं फारसं ऐकत नाही, त्यामुळे वाईट खोलीत तो जास्त शहाणा. मोठ्या पडद्याचा (म्हणजे आवाज झेलणाऱ्या आतल्या पडद्याचा) कंडेन्सर मी अँपला चिकटवत नाही. क्लीन गिटार असेल तर हातभर लांब ठेवते, तिथे तो मजा आणतो.

जुळवणी. इथेच माझे तीन आठवडे गेले होते, म्हणून इथे जरा थांबते.

माइकांची तोंडं एका रेषेत आणणं म्हणजे जुळवणी नव्हे. आतले पडदे एका रेषेत आले पाहिजेत. ५७ चा पडदा जाळीच्या लगेच मागे असतो. बाजूने ऐकणाऱ्या रिबनचा किंवा कंडेन्सरचा पडदा अंगाच्या मधोमध, म्हणजे जाळीपासून बराच आत. दोघांच्या बाहेरच्या कडा फूटपट्टीने जुळवल्या की आत दोन-अडीच सेंटिमीटरचा फरक आपोआप तयार. त्याचा खड्डा पडतो सात ते साडेआठ किलोहर्ट्झच्या दरम्यान, त्यामानाने निरुपद्रवी, पण तरी.

फूटपट्टीने अंदाजे जुळवल्यावर मी असं करते. दोन्ही माइकांची पातळी सारखी, एकाची पोलॅरिटी मुद्दाम उलटी. अँपमध्ये गिटारऐवजी नुसता सुंऽऽ असा नॉइज सोडते, हळू आवाजात, म्हणजे हेडफोनमधलं ऐकू येतं. मग मागचा माइक अर्ध्या अर्ध्या सेंटिमीटरने सरकवायचा. एका जागी आवाज एकदम कृश होतो, त्यातला सगळा जीव निघून जातो. तीच जागा. जिथे उलटे असताना ते एकमेकांना सर्वात जास्त मारतात, तिथेच सुलटे केल्यावर सर्वात जास्त साथ देतात. पोलॅरिटी परत सरळ करायची, स्टँडचा स्क्रू आवळायचा, आणि चिकटपट्टीवर पेनने खूण. हे सगळं करायला दहा मिनिटं लागतात. मी तीन आठवडे घालवले होते.

संगणकात ट्रॅक सरकवून नंतर जुळवता येत नाही का? येतं, मी त्या आठ गाण्यांत तेच केलं. सात सॅम्पल मागे ओढले आणि अर्ध्याहून जास्त जीव परत आला. सगळा नाही, कारण जमिनीवरून परतून येणारा आवाज दोन माइकांपाशी वेगवेगळ्या वेळी पोचलेला असतो आणि तो सरकवण्याने जुळत नाही.

'तिनास एक'चा नियम इथे सांगणाऱ्यांचा मला राग येतो. माइक आपल्या वाद्यापासून जितका लांब, त्याच्या किमान तिप्पट अंतर दोन माइकांमध्ये ठेवा, हा नियम दोन वेगवेगळी वाद्यं, दोन वेगळे गायक यांच्यासाठी आहे, एकाचा आवाज दुसऱ्याच्या माइकमध्ये कमी जावा म्हणून. एकाच स्पीकरसमोर तो पाळला तर आपल्याच हाताने खड्डा खणल्यासारखं आहे.

अंतराची भानगडच नको असेल तर दोन ५७ घ्यावेत. पडदे शेजारी शेजारी, एक स्पीकरकडे सरळ बघणारा, दुसरा साधारण ४५ अंशांनी तिरका. तिरक्या माइकला वरचं कमी ऐकू येतं, अंतर मात्र तेच, म्हणून फेज, म्हणजे लहरींच्या चढ-उताराची वेळ, जवळजवळ जुळलेलीच. मग दोन फेडर म्हणजे आवाजाची धार कमी-जास्त करायची कळ. स्वीडनमधल्या गोथेनबर्गच्या स्टुडिओ फ्रेडमनवरून याला फ्रेडमन पद्धत म्हणतात, मेटलवाल्यांची लाडकी. मी मेटल वाजवत नाही, तरी स्टँडला दोन माइकांची पट्टी कायमची बसवून ठेवलीये.

मिसळताना सगळ्यात मोठी फसवणूक आवाजाच्या पातळीची. जुळलेले दोन माइक एकत्र केले की आवाज जवळपास ६ डेसिबलने वाढू शकतो, आणि मोठा आवाज कानाला नेहमीच चांगला वाटतो. म्हणून दोन माइकांचं मिश्रण एकट्या माइकच्याच पातळीला खाली आणून मगच तुलना करते. निम्म्या वेळा दुसरा माइक तिथेच घरी जातो. उरलेल्या वेळी ५७ आपल्या जागी, रिबनचा फेडर पूर्ण खाली, बास आणि ड्रम चालू ठेवून रिबन वर आणत जाते. तो ऐकू यायला लागला की थोडा खाली. तिथे तो म्यूट केला तर गिटार उभी राहते पण पाय जमिनीला टेकत नाहीत असं वाटतं, आणि चालू केला तर दुसरा माइक आहे हे कळत नाही. माझ्याकडे हे बहुतेक ५७ पेक्षा सहा ते आठ डेसिबल खाली येतं. सोलो करून, म्हणजे बाकी सगळं बंद करून, ऐकलं तर हे मिश्रण मला आवडतही नाही. सोलोमध्ये रिबन जास्त हवासा वाटतो आणि तिथेच लोक फसतात.

आणि एकाच टेकचे दोन माइक डावी-उजवीकडे टाकून 'रुंद' गिटार मिळाली म्हणणाऱ्यांनी एकदा दोन्ही बाजू एकत्र करणारं मोनो बटण दाबून बघावं. रुंदी दोनदा वाजवल्याने येते.

ती आठ गाणी शेवटी अशी सुटली: पाचांत दुसरा माइक सरळ बंद केला. दोन गाण्यांत सात सॅम्पल सरकवून दुसऱ्या माइकची पातळी खाली ठेवली. राहिलं एकच गाणं. त्यात कडव्याला फक्त गिटार आणि गाणं आहे, आणि आमच्या गायिकेचा आवाज साडेतीन किलोहर्ट्झला असा काही चमकतो की दुरुस्त केलेली गिटार तिच्या अंगावर यायला लागली. दोन तास डोकं खाल्लं आणि मग सरकवलेले सात सॅम्पल परत जागच्या जागी नेऊन ठेवले. खड्डा जसाच्या तसा. तिचा आवाज त्यात अलगद जाऊन बसला. मावसभावाला सगळ्यांत तेच गाणं आवडतं, गिटारसाठी. मी त्याला अजून काही सांगितलेलं नाही.